मीठबायचा पासपोर्ट

मीठबायच्या तोंडात सदा मिठाचा खडा असतो, असं आमच्या कारखान्यात सगळे समजत. कुणाला तंबाखूची सवय, कुणाला मिसरीची, तशी हिला मिठाची. कामावरच्या पोरी चिडवायच्या, "मीठबाय, तुझ्या पोटात आता सुके बोंबील तयार झाले असतील!" ती हसायची आणि शाडू मळत राहायची. पण समज खोटा होता. खडा ती दिवसभर चघळत नसे. एकाच कामाच्या वेळी तो जिभेखाली ठेवायची, आणि ते काम कोणतं हे अकरा वर्षं फक्त दोघांना ठाऊक होतं. तिला आणि मला.

ते काम म्हणजे गणपतीला डोळे काढणं.

हे वाचून पेणच्या खाडीकाठच्या आमच्या कारखानदार मंडळींना धक्का बसेल, मला माहीत आहे. कारखानदारांच्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी माझ्याकडे 'माझा जपानचा दौरा' या विषयावर लेख मागितला आहे. मुखपृष्ठावर माझा फोटो आणि खाली 'डोळ्यांचे कारागीर' असं छापणार असल्याचंही कळवलं आहे. मी आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. दौऱ्याचा लेख म्हणून हेच लिहून देतो आहे. यातलं एकही वाक्य गाळू नये, एवढी विनंती.

आमचा धंदा ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मूर्ती साच्यातून निघते, तिला दहा हातांनी रंग लागतो, पण डोळ्यांची आखणी एकच माणूस करतो. मूर्तीचं सगळं मोल त्या चार रेघांत असतं. आमच्या घरात आखणी बंद दाराआड व्हायची. आंघोळ करून, उपाशीपोटी, मागच्या खोलीत. आत फक्त आखणारा आणि मूर्ती धरायला एक माणूस. वडिलांनी तशी केली, मी तशीच केली. ही रीत देवाच्या मानासाठी होती. मी तिचा आडोसा केला.

बारा वर्षांपूर्वीच्या श्रावणात माझा उजवा हात थरथरायला लागला. आधी ते चहाच्या कपाला कळलं, मग ब्रशला. एका सकाळी लागोपाठ तीन मूर्तींचे डोळे माझ्या हातून बिघडले. चौथी मूर्ती समोर होती, दार बंद होतं आणि मी लहान मुलासारखा रडत होतो. मूर्ती धरायला मीठबाय बसली होती. पन्नाशीची, काटकुळी, कपाळावर हिरवं गोंदण, हाताची बोटं उन्हात वाळलेल्या चिंचेसारखी. नवरा गेल्यावर मिठागर सोडून माझ्याकडे शाडू मळायला आली त्याला तेव्हा सात वर्षं झाली होती.

"तात्या, सरका," ती म्हणाली.

पदराच्या गाठीतून तिनं खडा काढला, तोंडात टाकला आणि माझ्या हातातला ब्रश घेतला. मी अडवायला हात पुढे केला, तोवर डावा डोळा झालाही होता. श्वास न सोडता तिनं उजवा काढला. मग ब्रश पाण्यात बुडवला, खडा तळहातावर थुंकला आणि म्हणाली, "बघतोय आता."

चाळीस वर्षं मी डोळे काढले होते, लोक ते बघायला गावोगावहून येत. पण त्या खोलीत पहिल्यांदाच मला मूर्तीपुढे मान खाली घालावीशी वाटली.

"कुठं शिकलीस?"

"मिठागरात." मग माझा चेहरा बघून तिनं समजावून सांगितलं, "मिठाचा थर वरच्या वर ओढायचा आसतो तात्या. खालचा चिखल हलवायचा नाय. हात जरा डळमळला का सगलं मीठ काळं. त्याच्यापुढं ही रेघ काय मोठी? आन् सात वर्सं तुमचा हात बघतंय ना मी."

"आणि तो खडा?"

"तोंड बंद रवतं. तोंड बंद तर दम बंद. दम बंद तर हात बंद."

बाहेर काय सांगायचं, हा प्रश्न मी विचारला. उत्तर तिनं दिलं. "तुमीच काढलं म्हना. बाईनं काढलेला डोळा कोन घेनार? देवाला दिसतंय ना, मग झालं." हे तीच म्हणाली होती, असं मी स्वतःला पुढे किती वेळा ऐकवलं याची गणती नाही. पण ती हे त्या एका सकाळी म्हणाली होती. पुढची अकरा वर्षं दर सकाळी बंद खोलीतून ब्रश कानावर अडकवून बाहेर येत होतो तो मी.

डोळ्यांबद्दल तिचं एक ठाम मत होतं. "डोळा आपुन काढायचा नसतो. आत आसतोच तो. आपुन फकस्त पापनी उचलायची." आणि दुसरं, त्याहून ठाम: दोन्ही डोळे एका दमात. एक डोळा झाला आणि दुसरा राहिला, अशी मूर्ती क्षणभरही ठेवायची नाही. एकदा मधेच तिला शिंक येणार होती. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, मान लाल झाली, पण दुसरा डोळा पुरा होईतो तिनं ती शिंक आत धरली. मग अशी शिंकली की बाहेरच्या पोरी दचकल्या. बाहेर येऊन मी सांगितलं, "मला सर्दी झालीय."

आठ वर्षांपूर्वी दिवाळीनंतर एक म्हातारे जपानी गृहस्थ आमच्याकडे आले. त्यांचं तिकडे तीन पिढ्यांचं बाहुल्यांचं दुकान. सोबत दुभाषी म्हणून पुण्याची एक मुलगी. त्यांनी खिशातून भिंग काढलं आणि तासभर फक्त मूर्तींचे डोळे बघितले. दर वर्षी शाडूच्या एक्कावन्न लहान मूर्ती हव्यात, असं ते म्हणाले. अट एकच. पहिल्या खेपेला मूर्ती डोळ्यांशिवाय पाठवायच्या आणि आखणी करणाऱ्या कारागिरानं स्वतः जपानला येऊन, दुकानात, लोकांसमोर डोळे काढायचे.

ते बोलत असताना मीठबाय मागच्या खोलीतून आली आणि मोरीत खडा थुंकून चूळ भरली. म्हाताऱ्यांनी दुभाषी मुलीकरवी विचारलं, हे काय? मीठबाय म्हणाली, "सवय हाय." ते तिच्या बोटांकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी पिशवीतून एक बाहुला काढून माझ्या हातात दिला. तांबडा, गोल, हात नाहीत, पाय नाहीत, नुसता भोपळ्यासारखा, आणि डोळ्यांच्या जागी दोन पांढऱ्या कोऱ्या चकत्या. त्याला दारुमा म्हणतात. मुलीनं रीत सांगितली: मनात इच्छा धरून एक डोळा काढायचा, आणि इच्छा पुरी झाली की दुसरा.

पाहुणे गेल्यावर मीठबायनं बाहुला हातात घेतला आणि ती हबकलीच. "म्हंजे तवर यानं काण्यासारखं बसून रवायचं? आन् इच्छा पुरी नाय झाली तर? जल्मभर काणा?"

"बाय, त्यांची रीत आहे ती."

"आसंल रीत. माज्या हातून व्हायचं नाय. तिथं जाऊन पाय टेकला का काढीन, दोन्ही एकदम." तिनं बाहुला रंगाच्या वाट्यांशेजारी फळीवर ठेवला. कोराच.

तर ती येणार हे ठरलं. कागदोपत्री मूर्ती धरणारी मदतनीस म्हणून. तिथं बंद दार नसणार, लोकांसमोर ब्रश कुणाच्या हातात असणार, हा विचार मी करत नव्हतो. ती मात्र दुसऱ्या दिवसापासून तयारीला लागली, आणि तिची तयारी बघून मी रोज नव्यानं थक्क होत गेलो.

पहिली मोहीम पासपोर्टाची. पासपोर्टाच्या कचेरीत यंत्राच्या काचेवर तिची बोटंच उमटेनात. खिडकीतली मुलगी वैतागली. "आजी, नीट दाबा ना."

"दाबतंय गो बाय. पन रेघा आसाया पायजेत ना. मिठानं खाल्ल्या सगल्या."

पुसून, फुंकून, पुन्हा दाबून कसंबसं काम झालं. त्या दिवसापासून ती बोटांना खोबरेल लावायला लागली. सकाळी कामाआधी, दुपारी जेवणानंतर. "उगवतील परत," म्हणायची, आणि खिडकीच्या उजेडात बोटं धरून तपासायची. मग घरी चौकशीला पोलीस आला तर वाडीत बातमी पसरली की मीठबायनं काहीतरी भानगड केली. तिनं त्याला बसवून चहा दिला आणि वर दम भरला, "लवकर लिव. जपान माज्यासाठी खोळंबलाय."

दुभाषी मुलीनं फोनवर सांगितलं होतं की तिकडे दोन काड्यांनी जेवतात. चौथ्या दिवशी दुपारी बघतो तर मीठबाय ब्रशांच्या दोन दांड्यांनी भात खात होती. भात संपल्यावर तिनं ताटलीत सुका जवळा पसरला आणि एकेक बारकी कोळंबी उचलून तोंडात टाकली. एकही खाली पडली नाही. पोरी टाळ्या पिटत होत्या. मी प्रयत्न केला तर माझ्या दांड्या ताटात खडखडल्या. ती पटकन म्हणाली, "तात्यांना चमचा देतील, ते मोठं मानूस हायेत." माझा थरथरता हात तिनं असा चारचौघांत किती वेळा झाकला असेल!

कमरेतून वाकून नमस्कार करायचा हे कळल्यावर ती म्हणाली, "ह्यात काय? ही तर मिठागरातली वाकनी." मग मासळीवाल्या बाईपासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना ती वाकायला लागली. तिकडच्या लोकांना देण्यासाठी पोह्याचे पापड लाटले, वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीनं बांधले. थंडीसाठी सुनेचा स्वेटर मागून घेतला आणि पौषात भर उन्हात घालून बसली, "सवय व्हाया पायजे" म्हणून. मी माझी नावाची कार्डं छापून आणली तेव्हा दोन्ही हातांनी कार्ड कसं द्यायचं हेही शिकली. "आन् माजं कारट?" तिनं विचारलं. मी हसलो. ती पण हसली. त्या हसण्याची मला आता लाज वाटते.

पण तिला जपान कशासाठी बघायचा होता ते मला उशिरा कळलं. एकदा ब्रश धुताना तिनं विचारलं, "तात्या, तिथं समुद्र कंच्या अंगाला?"

"दुकान आहे त्या गावाला पूर्वेला."

तिनं ब्रश खाली ठेवला. "म्हंजे सूर्य समुद्रातून वर येतो?"

"येत असणार."

"आपल्याकडं जल्मभर बुडतानाच बघितला. मिठागरात काम सुटायचं तवा बुडायचा. समुद्रातून वर येताना बघायचाय एकदा. मंग डोळं मिटलं तरी चालंल."

जपानची तिला बाकी काही हौस नव्हती. फक्त ही.

फेब्रुवारीच्या अखेरीला एजंटाकडून दोन्ही पासपोर्ट आले. दोन्हींत व्हिसा चिकटवलेला होता. मी आनंदानं तिला हाक मारणार, तेवढ्यात दुभाषी मुलीचा फोन आला. "तात्या, एक छान बातमी! तुमचं शूटिंग होणार आहे. ब्रश धरलेल्या हाताचं अगदी जवळून. दुकानाबाहेर मोठ्या पडद्यावर दाखवणार आहेत, आणि ते व्हिडिओ मी आपल्या पेणच्या लोकांनाही पाठवीन."

मला फक्त तीन शब्द बोलायचे होते: डोळे ही काढते. फोन हातात होता. समोर भिंतीवर मानपत्रं होती. मी म्हणालो, "आमच्यात आखणी बंद दाराआडच होते. लोकांसमोर चालत नाही. मूर्ती डोळे काढूनच पाठवतो." मुलगी हिरमुसली, पण रीत म्हटल्यावर तिचा इलाज चालेना. मी फोन ठेवला आणि मीठबायचा पासपोर्ट कपाटात नेऊन सत्कारांत मिळालेल्या शालींच्या गठ्ठ्याखाली सरकवला. हे मी केलं. कुणी सुचवलं नाही, कुणी भाग पाडलं नाही.

मग तिला खोलीत बोलावून सांगितलं, "बाय, तुझा व्हिसा नाकारला."

"का?"

मी तयारी केलेली नव्हती. तोंडात आलं ते बोललो. "तिथं विमानतळावर बोटांचे ठसे घेतात. तुझे उमटत नाहीत ना. म्हणून."

तिनं दोन्ही हात उलटे केले आणि बोटांकडे बघितलं. खोबरेलानं चकाकत होती. "लय लावलं तेल," ती म्हणाली. "नाय उगवल्या." पदराला बोटं पुसली. त्यानंतर तिनं कधी तेल लावलं नाही.

नऊ दिवसांत तिनं एक्कावन्न मूर्तींचे डोळे काढले. एका शब्दानं कुरकुरली नाही. निघायच्या आदल्या दिवशी माझ्या बायकोनं बॅग भरायला तिलाच मदतीला बोलावलं. निघताना अंगणात ती पुढे आली आणि माझ्या हातात कापडाची एवढीशी पुरचुंडी दिली. आत मिठाचे खडे. "ठेवा जवळ. कुठं बोलाया जड गेलं तर तोंडात ठेवा." मला वाटलं, चेष्टा करतेय. मी हसून पुरचुंडी खिशात टाकली.

जपानच्या विमानतळावर माझ्यापुढे रांगेत कुठल्याशा देशाची एक म्हातारी होती, शेतात राबलेली असावी. यंत्रावर तिची बोटं उमटेनात. अधिकाऱ्यानं दोनदा प्रयत्न केला, मग कागदावर काहीतरी लिहिलं आणि किंचित वाकून तिला जाऊ दिलं. एवढंच. अर्धं मिनिटही लागलं नाही. ज्या कारणानं मी मीठबायला घरी बसवलं होतं ते त्या देशात अर्ध्या मिनिटाचंही नव्हतं. माझी पाळी आली. माझी बोटं यंत्रावर लटपटत होती, पण ठसे अगदी स्पष्ट उमटले.

दुकानात मूर्ती मांडल्या होत्या. लोक येत, वाकत, डोळ्यांकडे बघत आणि गप्प होत. म्हाताऱ्यांनी मला चहा दिला. वाटीला कान नव्हता. माझा हात थरथरला तसा त्यांनी आपला हात वाटीखाली धरला. माझ्या हाताकडे बघितलं, मूर्तींकडे बघितलं. मग मुलीकरवी विचारलं, "मीठ तोंडात ठेवणाऱ्या बाई बऱ्या आहेत ना?"

"आजारी आहेत," मी म्हणालो.

"त्यांनी बाहुल्याचा डोळा काढला का?" बाहुला दिला होता मला, आणि विचारत होते तिच्याबद्दल. मी मान हलवून नाही म्हटलं. सांगितलं, एक डोळा काढून ठेवणं त्यांना पाप वाटतं. म्हातारे म्हणाले, "त्यांना सांगा, एक डोळा म्हणजे व्यंग नाही. कुणीतरी शब्द दिला आहे आणि तो अजून पाळायचा आहे, एवढाच त्याचा अर्थ."

खिशातली पुरचुंडी त्या क्षणी माझ्या हाताला लागली. बोलायला जड जात होतं. मी खडा तोंडात ठेवला नाही आणि बोललोही नाही.

शेवटच्या पहाटे त्यांनी मला समुद्रावर नेलं. सूर्य पाण्यातून वर आला. आधी एक रेघ, मग पापणी उचलल्यासारखा अर्धा, मग पूर्ण. मी तो बघितला. हे इथं मुद्दाम लिहितो, कारण घरी आल्यावर मीठबायनं एकच प्रश्न विचारला.

"येतो का हो वर, समुद्रातून?"

तिच्याकडे बघून माझं धाडस झालं नाही. म्हणालो, "ढग होते. दिसला नाही."

"मंग तुमीपन नाय बघितला," ती म्हणाली. थोडी हसली. "बरं झालं. दोघं सारखंच."

म्हाताऱ्यांचा निरोप मात्र मी तिला शब्दन् शब्द सांगितला. सगळ्या दौऱ्यातली तेवढी एक गोष्ट मी तिच्यापर्यंत खरी पोचवली. तिनं ऐकून घेतलं. संध्याकाळी फळीवरचा बाहुला पदरात गुंडाळून ती घरी घेऊन गेली.

पुढे मला जपानवाला म्हणून मान वाढला. सत्कार झाले, शालींचा गठ्ठा उंच झाला, पासपोर्ट आणखी खाली गेला. मीठबाय पूर्वीसारखीच येत राहिली. आंघोळ करून, उपाशीपोटी, दार बंद. दर वर्षी जपानहून मूर्तींची मागणी येई आणि सोबत विचारणा, मीठवाल्या बाई येतील का? मी तब्येतीचं कारण कळवत राहिलो. जपानबद्दल तिनं पुन्हा तोंडातून चकार शब्द काढला नाही. मला वाटलं, विसरली. असं वाटणं माझ्या सोयीचं होतं.

गेल्या वर्षी माघी गणपतीच्या आधी ती चार दिवसांच्या तापानं गेली. मी लोकांना सांगितलं, वयामुळे आता आखणी थांबवतो. तेराव्यानंतर तिची सून आली. हातात पदरात गुंडाळलेलं काहीतरी. उघडलं तर तो तांबडा बाहुला.

त्याला एक डोळा काढलेला होता. एकच.

मूर्ती अर्ध्या नजरेची ठेवू नये म्हणून जिनं शिंक गिळली, तिनं याला काणा ठेवला होता? डावा डोळा तिचाच, शंकाच नाही. तो माझ्याकडे बघत होता.

"आईंनी कधी काढला हा?"

"तुमी जपानवरनं आलात ना, त्याच राती. मंग देवाजवळ ठेवला. आमी किती वेळा बोललो, दुसरा काढा. बोलायच्या, तो माजा नाय." "जाताना सांगून गेल्या, हा तात्यांना द्या. दुसरा डोळा त्यांनीच काढायचा. दार उघडं ठेवून."

मी बाहुला टेबलावर ठेवला.

"आनखी बोलल्या, पासपोर्ट त्यांच्या कपाटात शालींखाली हाय. तो मागू नका. राहू द्या त्यांच्याकडं."

"तिला कुठून कळलं?"

"तुमची बॅग भरत होत्या ना. काकू बोलल्या, थंडी आसंल, एक शाल काढ. गठ्ठा उचलला तर खाली तो. आईंना वाचाया येत नव्हतं, पन आपला फोटो तर वळखतो मानूस. आन् तुमच्या पुस्तकात चिकटवलेला होता तसाच कागद त्यांच्यातपन होता. परत होता तसा ठेवून दिला."

बॅग भरली ती आदल्या दिवशी. म्हणजे दुसऱ्या सकाळी अंगणात मला मिठाची पुरचुंडी देताना तिला सगळं ठाऊक होतं. 'बोलाया जड गेलं तर.' ढग होते असं मी सांगितलं तेव्हाही ठाऊक होतं. त्यानंतरची सात वर्षं ती माझ्यासमोर बंद खोलीत बसून खडा जिभेखाली धरत होती, आणि मी समजत होतो की ती डोळ्यांसाठी गप्प आहे.

वर्षभर बाहुला माझ्या टेबलावर एका डोळ्यानं बसून होता. मंडळाचं पत्र आलं, त्यातले 'डोळ्यांचे कारागीर' हे शब्द वाचले आणि काल सकाळी मी तो घेऊन कारखान्यात गेलो. मागच्या खोलीचं दार उघडलं आणि मिटू नये म्हणून त्याला शाडूचं पोतं लावलं. सगळ्यांना दिसेल असा बसलो. पुरचुंडीतला एक खडा जिभेखाली ठेवला. ब्रश उचलला.

हात थरथरला. काम करणाऱ्या बायका एकेक करून थांबल्या.

"तात्या, तुमचा हात!" एक पोरगी ओरडली.

रेघ ओढून झाल्यावर मी खडा काढला. "बारा वर्षं असाच आहे."

"मंग एवढ्या वर्सांचे आमचे गणपती?"

"मीठबायनं काढले. सगळे. जपानचेसुद्धा."

मग मीठबायच्या शेजारी बसून शाडू मळणारी म्हातारी कपाळावर हात मारून म्हणाली, "तरीच गो बाय तिचा खडा!" आणि डोळ्याला पदर लावून रडायला लागली.

पासपोर्ट आज सकाळी तिच्या सुनेला नेऊन दिला. जपानलाही सगळं कळवलं आहे. आणि सूर्य समुद्रातून वर येतो, बाय. मी बघितला होता.

स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर माझा फोटो छापू नये. या बाहुल्याचा छापावा. कोणता डोळा कुणी काढला हे खाली लिहायची गरज पडणार नाही. बघणाऱ्याला कळेल.